जुना स्पीकर आणि त्याच्या कडेचा इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी म्हणजे जुन्या शहराची गजबजलेली बाजारपेठ. गणेश विसर्जनाची मिरवणूक येथूनच जाते; ध्वनिवर्धकाचा आवाज या रस्त्याला नवा नाही. अशा पेठांमधील घरांच्या माळ्यावर ठेवलेला हाय-फाय स्पीकर विक्रीस निघाला, की प्रश्न पडतो : घ्यावा की नाही? साठ वर्षांचा स्पीकर ठणठणीत निघतो आणि तीस वर्षांचा निकामी. हे कोडे इतिहासच उलगडतो.

२/ या शहराचे ध्वनिक्षेपणाशी नाते जुने आहे. १९४७ साली संस्थानी प्रदेशांत पाच रेडिओ केंद्रे होती : म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. निजामी राजवटीतील औरंगाबादला त्याआधीच स्वतःचे केंद्र होते.

३/ त्या काळच्या रेडिओतील स्पीकरचे मूळ १९२५ सालात सापडते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी त्या वर्षी चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची कॉइल आणि तिला जोडलेला कागदी कोन यांची रचना मांडली. या कोनाची कड बहुधा कागदाचीच, वळ्या पाडलेली, किंवा कापडाची असे. ती ताठर, पण टिकाऊ.

४/ १९५४ साली एडगर विलचर यांनी दिशा बदलली. बंद पेटीतील हवाच स्प्रिंगचे काम करील, असे त्यांनी दाखवले. लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. मात्र त्यासाठी कोन मोकळेपणाने पुढेमागे हलणे आवश्यक होते. साहजिकच कड अधिकाधिक मऊ होत गेली.

५/ सत्तरच्या दशकात अनेक उत्पादकांनी कडेसाठी पॉलियुरेथेन फोम स्वीकारला. तो हलका, मऊ आणि स्वस्त होता. परंतु हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन त्याची रासायनिक साखळी तोडतात. फोम आधी चिकट होतो, मग भुगा होऊन गळतो. रबर आणि कापड सहसा त्याहून अधिक काळ तग धरतात.

६/ भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. चांगला संच ही कुटुंबाची मोठी खरेदी असे. त्यावर कापड घालून तो जपला जाई. म्हणूनच “फारसा वाजवलेलाच नाही” हे विक्रेत्याचे बोल खरे असू शकतात, तरीही ते पुरेसे नाहीत. फोम वापराने नव्हे, काळाने झिजतो. झाकून ठेवलेला स्पीकरही आतून म्हातारा होतो.

७/ तपासणीची सुरुवात म्हणूनच डोळ्यांनी करावी. पुढची जाळी काढून कडेला बोट हलकेच लावावे. भेग, चिकटपणा किंवा भुगा दिसला, तर कड गेली. मग कोनाच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो सारख्या दाबाने किंचित आत ढकलावा. खरखर ऐकू आली, तर कॉइल चुंबकाला घासते आहे. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल सुटी करून मल्टिमीटरवर मोजली, तर सुमारे साडेपाच ते सात ओहम दिसते. काटा हललाच नाही, तर कॉइल तुटली किंवा जळाली आहे.

८/ त्यानंतर कानांची पाळी. ओळखीचे ध्वनिमुद्रण लावावे : बायाँच्या घुमाऱ्यात खर्ज कळतो, झांजेत ट्विटर. डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐकावे. दोष त्याच पेटीत राहिला, तर तो स्पीकरचा. दुसरीकडे गेला, तर अॅम्प्लिफायरचा किंवा त्यामागच्या यंत्राचा.

९/ निष्कर्ष इतकाच : फाटलेली फोमची कड पाहून स्पीकर टाकून देऊ नये. ती बदलता येते. भाव तेवढा कमी करून घ्यावा. जळालेली कॉइल किंवा आपटल्याने सरकलेले चुंबक मात्र महागात पडते. आणि कागदी कडेचा कळकट, जुना स्पीकर दिसला, तर त्याला वयावरून नाकारू नये. त्याला घडवणाऱ्यांनी मऊपणापेक्षा टिकाऊपणा निवडला होता.

(समाप्त)