अमळनेरचा तेल कारखाना : नोकऱ्या कुणाला, नफा कुणाला?

खानदेशात नवा कारखाना येणार म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : नोकऱ्या किती? प्रश्न रास्तच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासात आम्हाला आणखी दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. कच्चा माल कुठला? आणि नफ्यात गावाचा वाटा किती? आज अमळनेरच्या उदाहरणावरून ते तपासू.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. हीच पुढची विप्रो. प्रेमजी मुंबईचे व्यापारी, मग कारखाना अमळनेरला का? नकाशा पाहा, बरंचसं उत्तर मिळतं. भोवती भुईमुगाची शेतं, दाराशी सुरत-जळगाव रेल्वे आणि गावात प्रताप शेठजींची कापड गिरणी. म्हणजे भोंग्यावर उठून पाळीला जाणारा कामगार इथे आधीच तयार होता.

कारखान्यात वनस्पती तूप होई. तेल शुद्ध करायचं, निकेलच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिसळायचा, की ते थिजतं. जोडीला ‘७८७’ हा कपड्यांचा साबण. आता रोजगार मोजताना नुसता हजेरीपट पाहून चालत नाही. अशा धंद्यावर शेंगा पिकवणारा, हमाल, गाडीवान, पेंड विकणारा, सगळेच जगतात.

१९४६ मध्ये कंपनीने लोकांसाठी शेअर काढले. अमळनेरच्या कित्येक घरांनी ते घेतले आणि जपून ठेवले. १९६६ मध्ये वडील वारले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढे कंपनी संगणकाकडे वळली आणि त्या जुन्या कागदांचं सोनं झालं.

पण इथेच थोडं थांबू या. शेअर घ्यायला गाठीशी शिल्लक लागते. रोजंदारीवाल्याच्या हाती पगारच आला. शिवाय संगणकाच्या नोकऱ्या निघाल्या त्या मुख्यतः बंगळुरूसारख्या शहरांत. कंपनी वाढली तरी त्या प्रमाणात अमळनेरचा रोजगार वाढला नाही.

याच्या शेजारी जळगाव ठेवून पाहू. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या पावडरीच्या जुन्या कारखान्यात पपेन काढायला सुरुवात केली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं पाचक द्रव्य. पुढे पाइप आले, ठिबक आलं. धंदे बदलले, पण गिऱ्हाईक किंवा माल पुरवणारा शेतकरीच राहिला आणि उद्योगाचं मुख्य ठाणंही जळगावातच राहिलं.

दोन्ही कारखाने खानदेशाला हवेच होते, यात आम्हाला शंका नाही. मात्र उद्या जागा, पाणी, वीज मागायला नवा उद्योजक आला, तर नोकऱ्यांच्या आकड्याबरोबर हेही विचारा : माल आमच्या शेतातून घेणार का? आणि धंदा बदलला, तर नवं काम आमच्या पोरांना शिकवणार का?

धुळ्याच्या कापड गिरण्यांना हेच प्रश्न लावून पाहायचे आहेत. ते पुढच्या व्याख्यानात.