राखीव प्रत, अभिलेखांची : नागपूर

राखीव प्रत, अभिलेखांची : मूळ अभिलेख नष्ट, भ्रष्ट वा गहाळ झाल्यास तो पुन्हा उभा करता यावा म्हणून वेगळ्या माध्यमावर व शक्यतो वेगळ्या ठिकाणी जपून ठेवलेली प्रत. संगणकीय व्यवहारात तिला ‘बॅकअप’ म्हणतात. प्रत काढणे, ती कोठे आहे याची नोंद करणे, ठरलेल्या मुदतीपर्यंत ती जपणे आणि प्रसंगी तिच्यावरून मूळ माहिती परत मिळविणे, ही चारही कामे या व्यवस्थेत मोडतात. चुंबकीय फीत हे या कामाचे जुने संगणकीय माध्यम असून मोठ्या संस्थांत ते अद्याप वापरात आहे. नागपूर शहराने राज्यांची स्थित्यंतरे, राजधानीचे स्थलांतर आणि उपग्रहीय माहितीच्या संस्करणाची सुरुवात, हे सर्व अनुभवले असल्याने या व्यवस्थेचा इतिहास तेथील उदाहरणांवरून चांगला समजतो.

संगणकपूर्व काळ : नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाले व १९०३ मध्ये वऱ्हाड त्यास जोडण्यात आला. या काळात दुसरी प्रत केवळ जतनासाठी म्हणून क्वचितच काढली जाई. ती कारभाराच्या रीतीतूनच निर्माण होई. वरिष्ठांकडे गेलेल्या पत्राची स्थळप्रत पाठविणाऱ्या कचेरीत राही आणि मूळ पत्र दूरच्या दप्तरात जमा होई. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा नागपूर राज्याविषयीचा अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. एकदा छापलेला मजकूर अनेक ग्रंथालयांत पोहोचत असल्याने एका ठिकाणच्या नाशाने तो लुप्त होत नाही. हस्तलिखित कागद मात्र पुष्कळदा एकाच दप्तरात एकच असे. वाळवी, ओल वा आग यांनी तो गेला, म्हणजे त्यातील हक्क व हिशेबही संदिग्ध होत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ येथे गेली. जुन्या प्रांताच्या अभिलेखांपैकी काही भोपाळला गेले, तर काही नागपुरात राहिले. परिणामी त्या काळाच्या अभ्यासकाला दोन्ही राज्यांतील दप्तरे पाहावी लागतात. अभिलेख दोन ठिकाणी असणे आणि अभिलेखाच्या दोन प्रती असणे यांतील फरक या घटनेवरून स्पष्ट होतो. विभागणीनंतरही प्रत्येक कागद पूर्वीइतकाच एकटा राहतो.

चुंबकीय फितीचा उदय : जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन ध्वनिमुद्रणाची फीत तयार केली. संगणकासाठी फितीचा वापर १९५१ मध्ये युनिव्हॅक या यंत्राने सुरू केला. तिची फीत धातूची होती. पुढील वर्षी आयबीएम कंपनीने ७२६ या यंत्रात प्लॅस्टिकच्या पायावरील हलकी फीत आणली. १९६४ नंतर नऊ मार्गांची, १·२७ सेंमी. रुंदीची फीत जवळजवळ सर्वत्र प्रमाण मानली गेली. सु. ७३० मी. लांबीच्या एका रिळावर नोंदीच्या घनतेनुसार सु. ४ कोटी ते १५ कोटी बाइट एवढी माहिती मावत असे. फितीवरील माहिती क्रमानेच वाचावी लागते, त्यामुळे दैनंदिन कामासाठी चुंबकीय तबकडी व जतनासाठी फीत अशी कामाची वाटणी रूढ झाली.

नागपुरातील वापर : लँडसॅट उपग्रहांची माहिती प्रत्यक्ष ग्रहण करणारे भारतातील केंद्र हैदराबादजवळील शादनगर येथे १९७९ मध्ये उभारण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात बंगलोर, डेहराडून, जोधपूर, खरगपूर व नागपूर या पाच ठिकाणी सुदूर संवेदनाची प्रादेशिक सेवा केंद्रे स्थापन झाली. १९८८ मध्ये महाराष्ट्र राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरात सुरू झाले आणि त्याच वर्षी १७ मार्च रोजी आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह कक्षेत गेला. मृदा सर्वेक्षण व भूमी-उपयोग नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय १९७६ पासून नागपुरातच असल्याने नकाशे, माती व उपग्रहचित्रे यांचा अभ्यास या शहरात एकवटला.

त्या काळी उपग्रहचित्रे संगणकाला देण्याचे मुख्य साधन म्हणजे नऊ मार्गांची फीत होय. एखाद्या दिवशी शेतात उभे असलेले पीक किंवा तलावातील पाणी यांचे चित्र पुन्हा घेता येत नाही. मूळ नोंद हैदराबादकडे व प्रत नागपुरात असल्याने कच्च्या चित्राला आपोआपच दुसरे स्थान लाभे. परंतु त्या चित्रावर महिनोन्महिने काम करून तयार होणारे वर्गीकृत नकाशे ते तयार करणाऱ्या केंद्रातच निर्माण होतात. त्यांची राखीव प्रत काढण्याची जबाबदारी त्या केंद्रावरच येते.

कार्यपद्धती : मोठ्या संस्थेत अनेक संगणकांच्या प्रती एका मध्यवर्ती आज्ञावलीद्वारे काढण्यात येतात. ठराविक दिवशी, बहुधा आठवड्यातून एकदा, सर्व माहितीची पूर्ण प्रत व इतर दिवशी केवळ बदललेल्या भागाची वाढीव प्रत घेतात. रोजच्या, आठवड्याच्या व महिन्याच्या फिती अनुक्रमे पुत्र, पिता व पितामह अशा तीन पिढ्या मानून फिरत्या ठेवण्याची पद्धत जुनी आहे. कोणती नस्ती कोणत्या फितीवर आहे याची सूची आज्ञावली ठेवते. ही सूचीच नष्ट झाली, तर फिती सुरक्षित असूनही त्या एकामागून एक वाचून पाहाव्या लागतात. म्हणून सूचीचीही प्रत बाहेर ठेवतात. व्यवस्थापकाने रोजचा अहवाल तपासणे, फितीवरील ओळखपट्टी जुळविणे, वाचनशीर्ष स्वच्छ ठेवणे व झिजलेली फीत बाद करणे आवश्यक असते. त्याहून महत्त्वाची म्हणजे परत मिळविण्याची नियमित चाचणी होय. जी प्रत कधी वाचून पाहिली नाही, तिच्या अस्तित्वाविषयी खात्री देता येत नाही.

अशा आज्ञावलींच्या निर्मितीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचे विकासकेंद्र पुण्यात होते आणि राखीव प्रतींची सेवा देणारी ड्रुव्हा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यातच स्थापन झाली.

हवामान व स्थळ : फीत दीर्घकाळ टिकण्यासाठी सु. १६° ते २५° से. तापमान व ५० टक्क्यांहून कमी आर्द्रता लागते. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाते व पावसाळ्यात हवा दमट होते. उष्णतेने फीत ताणली किंवा आकसली जाते, तर ओलाव्याने चुंबकीय कणांना धरून ठेवणारे बंधकद्रव्य विघटित होते. त्यामुळे भांडाराप्रमाणेच वाहतुकीतही दक्षता घ्यावी लागते. दूर अंतरावरून आणलेली फीत यंत्रात घालण्यापूर्वी काही तास खोलीच्या तापमानास येऊ देतात.

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागून असंख्य नस्त्या जळाल्या व त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम शासनाला हाती घ्यावे लागले. असे काम अन्य कार्यालयांत पोहोचलेल्या प्रतींवरच अवलंबून असते. एकाच आपत्तीने दोन्ही प्रती जाऊ नयेत म्हणून शेअरबाजारांच्या राखीव केंद्रांविषयी सेबीने २०२१ मध्ये असा दंडक घातला, की ती शक्यतो निराळ्या भूकंपक्षेत्रात असावीत आणि ते शक्य नसल्यास निदान ५०० किमी. दूर असावीत. मुंबईहून नागपूर रेल्वेने सु. ८३७ किमी. आहे, २००२ च्या भारतीय मानकानुसार मुंबई भूकंपक्षेत्र तीनमध्ये, तर नागपूर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र दोनमध्ये येते. नकाशावरील हे गुण मोलाचे असले, तरी निर्णायक नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी सु. आठ हजार माणसांचे बळी घेणारा किल्लारीचा भूकंप तेव्हाच्या वर्गीकरणात सर्वांत सुरक्षित मानलेल्या प्रदेशातच झाला. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव भरून वाहिला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. म्हणून शहराच्या निवडीबरोबरच इमारतीची व मजल्याची निवडही विचारपूर्वक करावी लागते.

मर्यादा व सद्यःस्थिती : फितीचे आयुष्य व ती वाचणाऱ्या यंत्राचे आयुष्य सारखे नसते. २००० मध्ये आलेल्या एलटीओ प्रकारच्या पहिल्या पिढीच्या फितीवर १०० गिगाबाइट माहिती मावे. २०२१ मधील नवव्या पिढीत ही क्षमता १८ टेराबाइट झाली. आरंभीच्या पिढ्यांची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचू शकत, परंतु २०२५ मध्ये आलेली दहावी पिढी मागील कोणतीच वाचत नाही. यामुळे जुन्या फितींवरील माहिती वेळोवेळी नव्या फितींवर उतरवून घ्यावी लागते. फितीचा पुनर्वापरही घातक ठरू शकतो. १९६९ च्या अपोलो-११ मोहिमेतील चंद्रावरील दृश्यांच्या मूळ फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ मध्ये काढला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय संगणककेंद्रास आग लागली, तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट माहितीच्या संचयाची बाहेर कोठेही प्रत नव्हती व तो संपूर्ण नष्ट झाला.

खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या संगणकीय हल्ल्यांमुळे फितीचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत हल्लेखोर जाळ्यामार्गे पोहोचू शकत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला आहे. गावच्या दप्तरातील कागदाची जागा संगणकातील नोंद घेत असताना शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क, निवृत्तिवेतन व न्यायनिवाडे हे सर्व त्या नोंदीच्या राखीव प्रतीवर आणि ती वाचता येण्यावर अवलंबून राहणार आहेत.