स्वयंसेवक-पथकांच्या शाखा का मिटतात?

जळगाव जामोदसारख्या गावी पथकाची शाखा निघाली की पानसुपारी होते. मिटली की तिचे दप्तरही सापडत नाही. उत्साह सरला, एवढेच कारण आपण सांगतो. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचेच पाहा. १९२३ साली काकिनाडा काँग्रेसच्या वेळी ही कल्पना निघाली, तेव्हाच कवाईत शिकलेले दल उद्या आपल्यालाच डोईजड होईल, अशी धास्ती काही काँग्रेस पुढाऱ्यांस वाटली. १९३१ साली काँग्रेसने दल आपल्या अंकित करून घेतले. त्याचा स्वतंत्र संसार तेथेच आटोपला. १९३२ साली सरकारने बंदी घातली. १९३४ साली काँग्रेसवरील बंदी उठली, दलावरील मात्र उठली नाही. कवाईतीची धास्ती सरकारासही तितकीच असावी, असा आमचा तर्क आहे.