त्सेदेक

शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली ज्यू मराठीच बोलत. ठाण्यात १८७९ पासून त्यांचे 'शार हाशामाईम' सिनेगॉग आहे.

त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथातला 'त्सेदेक' (न्याय, खरेपणा) हा शब्द तेल मापणाऱ्याला थेट भिडणारा. 'लेवीय' ग्रंथात (१९:३६) तराजू, वजने, धान्याचे माप आणि द्रवाचे माप या चारही गोष्टींना तो जोडला आहे. मराठी बायबलातले 'नीतिमत्त्व' त्यापुढे फार सोवळे वाटते.

त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'त्सेदाका'. गरिबाचे गहाण पांघरूण सूर्यास्ताला परत करणे, याला 'अनुवाद' हा ग्रंथ (२४:१३) 'त्सेदाका' म्हणतो. पुढे ज्यू परंपरेत दानासाठी हाच शब्द रूढ झाला. म्हणजे तिथे दान हे गरिबाचे येणे आहे.