पराभवाचा जाब

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत रायपूरच्या मतदारांपुढे ऐंशीच्या घरात पोचलेले एक उमेदवार उभे होते. ते आचार्य कृपलानी होत. येथे त्यांचा पराभव झाला. नोकरीनिमित्त या शहरी येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींनी त्यांचे स्मरण ठेवावे यास एक खास कारण आहे. राष्ट्राच्या संरक्षणाबद्दल सरकारास लोकसभेत जाब विचारण्याचा जो मोठा प्रसंग स्वतंत्र भारतात प्रथम आला, त्यात विचारणारे कृपलानी होते. आणि पुढे थोड्याच दिवसांत उत्तर घेऊन सभागृहापुढे उभे राहिले ते यशवंतराव चव्हाण होते.

१९६२ च्या आरंभी कृपलानींनी उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी लढत दिली व ते हरले. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चिनी फौजांनी लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर चढाई केली. महिन्याभरात से ला व बोमदिला पडले. मेनन यांस मंत्रिपद सोडावे लागले आणि २१ नोव्हेंबरला चव्हाणांनी त्या पदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण तेव्हापासून अभिमानाने म्हणत आलो आहो. परंतु धावून जाण्याहूनही अवघड असे एक काम चव्हाणांच्या वाट्यास आले होते. झाल्या पराभवाचा हिशेब त्यांना संसदेस द्यावयाचा होता.

लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांजकडे चौकशी सोपविली होती. दरम्यान कृपलानी अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत विजयी होऊन लोकसभेत आले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातील असा तो पहिलाच ठराव. तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला जाणार, हे मांडणाऱ्यासही ठाऊक होते. आणि तसेच झाले. तथापि चार दिवस पंडित नेहरूंच्या सरकारास आपल्या धोरणाचे समर्थन भर सभागृहात करावे लागले.

त्यानंतर २ सप्टेंबरला चव्हाणांनी चौकशीचे निष्कर्ष लोकसभेस निवेदन केले. मूळ अहवाल मात्र मांडला नाही. त्याने देशाच्या सुरक्षिततेस बाध येईल व जवानांच्या धैर्यावर परिणाम होईल, हे त्याचे कारण. तरीही निवेदन गुळमुळीत नव्हते. चिनी युद्धपद्धतीचे शिक्षण आपल्या सैन्यास नव्हते. सामग्री अपुरी होती, आणि जी होती तीही रस्त्यांअभावी पुढच्या ठाण्यांवर पोचत नव्हती. शत्रूची माहिती उशिरा आणि मोघम मिळत होती. वरिष्ठ स्तरावरून बारीकसारीक बाबींतही ढवळाढवळ होत होती, हे सारे त्यांनी सांगितले. सैन्य कितीही मोठे व सुसज्ज असले तरी त्यास धोरणाची दिशा सरकारनेच द्यावी लागते, हेही त्यांनी स्पष्ट केले.

मात्र येथेच या हिशेबातील उणीव दिसते. चौकशीची कक्षा सैन्याच्या हालचालींपुरती होती. ज्या धोरणाने ती ठाणी पुढे ढकलली, ते दिल्लीत कोणी व कोणत्या माहितीवर ठरविले, याची चौकशी तिच्या कक्षेत आली नाही. शिपायाची झडती झाली. आज्ञा देणाऱ्याची झाली नाही. शत्रू सीमेवर असता गुप्तता योग्यच होती. पण प्रसंग संपल्यावरही ती उरली. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्या अहवालाचा काही भाग आपण होऊन प्रसिद्ध केला, तेव्हा भारतीय वाचकांस तो प्रथम दिसला. कारगिलच्या युद्धानंतर वेगळी वाट चोखाळली गेली. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही मजकूर गाळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. तत्पूर्वी १९९३ मध्ये खातेवार स्थायी समित्या नेमल्या गेल्या व संरक्षणखात्याच्या कारभाराकडे पाहण्यास खासदारांना एक कायमचे दार उघडले.

हा प्रश्न रायपुरास दूरचा नाही. ६ एप्रिल २०१० रोजी बस्तरात ताडमेटल्याजवळ ७६ जवान मारले गेले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी जबाबदारी पत्करून राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. राजीनाम्याने जबाबदारी मान्य होते, पण काय चुकले ते त्यातून कळत नाही. ते कळण्यास चौकशी लागते, आणि चौकशीस खरे कागद लागतात.

मंत्र्यास जाब विचारणे हे सरकारी नोकराचे काम नव्हे. परंतु मंत्री जे उत्तर वाचतो ते आमच्याच टेबलांवर तयार होते. जनहितास्तव माहिती देता येत नाही, हे वाक्य लिहिण्यास क्षणही लागत नाही, आणि कधीकधी ते लिहिणे अवश्यही असते. ते देशाच्या रक्षणासाठी लिहिले जात आहे की कोणाची चूक झाकण्यासाठी, हे सभागृहास कळण्याचा मार्ग नसतो. लिहिणाऱ्यास मात्र ते नेमके ठाऊक असते.