'सेम्पर विवुस' आणि तिचे वंशज

मोटारगाडीचा इतिहास बहुधा पेट्रोलच्या विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जेत्यांनी लिहिलेल्या इतर इतिहासांप्रमाणे याही इतिहासातून पराभूतांची नावे गळाली आहेत. १९०० साली अमेरिकेत एकंदर ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या अवघ्या ९३६. आदल्याच वर्षी कामीय झेनाट्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा जगात प्रथम ओलांडली, तीही विजेच्या गाडीतून. त्या गाडीला त्याने 'कधीही संतुष्ट न होणारी' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले होते.

विजेच्या गाडीला वास नव्हता, धूर नव्हता, आणि सकाळी तिच्या पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवण्याची कसरतही नव्हती. मात्र तिचा शत्रू तिच्याच पोटात बसलेला होता. शिशाच्या बॅटऱ्या इतक्या जड असत की गाडीची निम्मी शक्ती त्या बॅटऱ्या वाहून नेण्यातच खर्ची पडे. आणि पन्नासएक किलोमीटर गेल्यावर गाडी निमूटपणे थांबे. पेट्रोलची गाडी खोकत, धुरळत, आदळत का होईना, पण मुक्कामाला पोहोचत असे. या दोघींचा संसार एकत्र थाटून द्यावा, ही कल्पना ज्याने रस्त्यावर उतरवून दाखवली, तो त्या वेळी पंचविशीचा एक तरुण होता आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती.

फर्डिनंड पोर्शे याचा जन्म १८७५ साली बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकातील लिबेरेट्स शहराचा भाग आहे. बाप पत्रेकाम करणारा कारागीर. मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, अशी त्याची इच्छा होती. पण मुलाला विजेचे वेड लागले. पुढे तो व्हिएन्नास गेला, बेला एगर यांच्या विजेच्या कारखान्यात लागला, आणि फावल्या वेळात तेथील तंत्रविद्यापीठाच्या वर्गात, नाव न नोंदवताच, मागे बसून व्याख्याने ऐकू लागला. लोनर हे व्हिएन्नातील राजघराण्याला घोड्यांच्या बग्ग्या पुरवणारे जुने घराणे. त्या घराण्यातील लुडविग लोनर याला काळाची पावले ओळखता आली होती. बग्गीचे दिवस भरत आले आहेत, हे बग्गी बनवणाऱ्यानेच ओळखावे, हे दृश्य इतिहासात फार वेळा दिसत नाही. त्याने पोर्शेला आपल्याकडे घेतले.

पोर्शेची युक्ती साधी होती. बैलगाडीच्या चाकाला मध्यभागी जसा तुंबा असतो, तसा मोटारीच्या चाकालाही असतो. त्या तुंब्यातच त्याने विजेची मोटर बसवली. साखळी नको, पट्टा नको, दातेरी चक्रांची माळ नको. शक्ती जिथे हवी तिथेच ती निर्माण व्हावी. १९०० सालच्या पॅरिसच्या विश्वप्रदर्शनात ही लोनर-पोर्शे गाडी मांडली गेली आणि तिने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. इंग्लंडातील ल्यूटन येथील ई. डब्ल्यू. हार्ट याने तशीच, परंतु चारही चाकांत मोटर असलेली गाडी मागवली. झेनाट्झीच्या गाडीला जणू उत्तर म्हणून तिचे नाव 'सदा संतुष्ट' असे ठेवण्यात आले. तिच्यातील बॅटऱ्यांचे वजन सुमारे १,८०० किलो होते. संतोषाचे हे ओझे पाहिल्यावर पोर्शेच्या मनात पुढचा विचार न येता तरच नवल.

त्याच वर्षी त्याने 'सेम्पर विवुस' ही गाडी सिद्ध केली. या लॅटिन नावाचा अर्थ 'सदैव जिवंत'. गाडीच्या मध्यभागी द दिआँ-बुताँ बनावटीची दोन लहान पेट्रोल इंजिने होती, प्रत्येकी अडीच अश्वशक्तीची, आणि प्रत्येकाला एकेक जनित्र जोडलेले होते. इंजिनाचा चाकांशी कसलाही थेट संबंध नव्हता. इंजिन जनित्र फिरवी, जनित्र वीज निर्माण करी, ती वीज पुढच्या चाकांतील मोटरांकडे जाई, आणि उरलेली बॅटरीत साठे. त्यामुळे बॅटरी लहान ठेवता आली आणि गाडीचा पल्ला दोनशे किलोमीटरपर्यंत वाढला. वेग ताशी पस्तीस किलोमीटर. ज्यांना ही रचना अपरिचित वाटेल, त्यांनी आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने आठवावीत. १९६२ साली अमेरिकेतून आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलेल्या त्या प्रसिद्ध डिझेल इंजिनांतही डिझेल थेट चाक फिरवत नाही. ते वीज निर्माण करते आणि चाके विजेवर फिरतात. तुंब्यातील मोटरीची युक्ती तर त्याहून लांबचा प्रवास करून आली: १९७१ साली चंद्रावर नेलेल्या अमेरिकन गाडीच्या चारही चाकांना स्वतंत्र विद्युत्-मोटर होती.

'सेम्पर विवुस' हा प्रयोग होता. विकण्याजोगी गाडी १९०१ साली आली. दोन छोट्या इंजिनांऐवजी तिच्यात डाइमलरचे चार सिलिंडरांचे एकच मोठे इंजिन समोर बसवले होते आणि बॅटरी आणखी लहान केली होती. तिचे नाव 'मिक्स्त', म्हणजे मिश्र. १९०२ साली या गाडीने व्हिएन्नाजवळच्या एक्सेलबर्ग टेकडीवरील चढाईची शर्यत जिंकली. त्याच साली सैन्याच्या कवायतींच्या वेळी युवराज फ्रान्झ फर्डिनंड याला मिक्स्त गाडीतून फिरवून आणण्याचे काम राखीव सैनिक असलेल्या पोर्शेकडेच आले. बारा वर्षांनी सारायेव्होत हाच युवराज ज्या गाडीत मारला गेला ती पेट्रोलची होती. चालकाचा रस्ता चुकला, गाडी मागे घेण्यासाठी थांबवावी लागली, आणि मारेकरी नेमका तेथेच उभा होता. इतिहासाची चाके कुठे अडतील, याचा नेम नसतो.

मिक्स्त गाडी चालली, पण खपली नाही. ती जड होती, महाग होती. तिच्यात दोन यंत्रविद्यांचे गुण एकत्र आले होते, तसे दोन्हींचे खर्चही. १९०६ साली पोर्शे लोनरला सोडून ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत गेला. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारे इंजिन बाजारात आणले आणि विजेच्या गाडीचा शेवटचा मोठा फायदाही पेट्रोलने हिरावून घेतला. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१५ नंतर दुहेरी शक्तीची गाडी विकून पाहिली, पण तोवर फोर्डच्या स्वस्ताईपुढे कोणाचाच पाड लागेनासा झाला होता.

यानंतरचा भाग सुखद नाही, आणि पुष्कळ गौरवग्रंथांत तो घाईघाईने उरकलेला असतो. बाजारात न चाललेली ही रचना युद्धात चालली. ऑस्ट्रो-डाइमलरमध्ये पोर्शेने रस्त्यावरून चालणारी एक आगगाडीच बनवली: पुढच्या गाडीत इंजिन आणि जनित्र, आणि मागच्या गाड्यांच्या चाकांत विजेच्या मोटरी. पहिल्या महायुद्धात स्कोडाच्या ४२ सेंटिमीटरच्या अजस्र तोफा अशाच गाड्यांनी ओढल्या. पुढे १९३७ साली पोर्शे नाझी पक्षाचा सभासद झाला. हिटलरच्या आज्ञेने त्याने जी 'जनतेची गाडी' योजली, तिच्या कारखान्यात युद्धकाळी हजारो माणसांना वेठबिगारीने राबवण्यात आले. १९४२ साली त्याने टायगर रणगाड्यासाठी दोन पेट्रोल इंजिने आणि विजेच्या मोटरी अशी आपली आवडती योजना पुन्हा पुढे केली. ती किचकट होती, तांबे खाणारी होती, आणि हेन्शेल कंपनीच्या साध्या रचनेपुढे ती नापसंत ठरली. अगोदरच तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांचे रणगाडाविध्वंसक करण्यात आले, त्यांना 'फर्डिनंड' हे त्याचेच नाव मिळाले, आणि १९४३ च्या जुलैत कुर्स्कच्या रणांगणात त्यांतले कितीतरी निकामी झाले. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शेला अटक केली. वीस महिन्यांच्या कैदेनंतर तो सुटला आणि जानेवारी १९५१ मध्ये श्टुटगार्ट येथे वारला. कारागिराच्या बुद्धीला मालक निवडण्याचे भान असतेच असे नाही.

त्यानंतर कित्येक वर्षे संमिश्र गाडी प्रयोगशाळांतच राहिली. १९७० नंतर अमेरिकेत व्हिक्टर वूक या विद्युत्-अभियंत्याने ब्यूक गाडीत ती योजना बसवून दाखवली. सरकारी खात्याने पाठ फिरवली. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस आली आणि मिक्स्तचे स्वप्न सामान्य कुटुंबाच्या दारात उभे राहिले. पुढची पायरी म्हणजे 'प्लग-इन' हायब्रीड: जिची बॅटरी इंजिन भरू शकते, पण घरच्या भिंतीतील प्लगवरूनही भरता येते. चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ साली अशी गाडी विक्रीस काढली; २०१० साली शेवरोले व्होल्ट आली. या सगळ्या काटकसरीच्या गाड्या होत्या. चैनीच्या आणि वेगाच्या गाडीत ही रचना आणण्याचे काम पोर्शेचे नाव धारण करणाऱ्या कंपनीने अंगावर घेतले. १९५० ते १९५४ या काळात मेक्सिकोत झालेल्या शर्यतीवरून नाव घेतलेली तिची 'पानामेरा' ही चार दारांची गाडी २०१३ साली प्लग-इन रूपात आली.

२०१७ साली जिनिव्हात मांडलेल्या पानामेरा टर्बो एस ई-हायब्रीडमध्ये ही परंपरा कळसाला पोहोचली. आठ सिलिंडरांचे ५५० अश्वशक्तीचे इंजिन, १३६ अश्वशक्तीची विद्युत्-मोटर, दोन्ही मिळून ६८०. थांबलेल्या स्थितीतून ताशी शंभर किलोमीटर गाठण्यास ३.४ सेकंद, कमाल वेग ताशी ३१० किलोमीटर, वजन मात्र २,३१० किलो. येथे मोटर तुंब्यात नाही. ती इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधोमध बसते, आणि एक क्लच इंजिनाला हवे तेव्हा जोडतो, नको तेव्हा सोडतो.

अशी गाडी चालवणे हा पेट्रोलवर वाढलेल्या चालकाला प्रथम गोंधळात टाकणारा अनुभव असतो. कळ फिरवली तरी काहीच ऐकू येत नाही. गाडी गल्लीतून निघते ती मांजराच्या पावलांनी. बॅटरी भरलेली असेल तर ताशी १४० किलोमीटरपर्यंतही ती इंजिनाला जागे करत नाही. पायाखालची पट्टी खोल दाबली की मात्र मागून कोणी ढकलल्यासारखा विजेचा जोर प्रथम येतो, तो तत्काळ येतो, आणि त्यामागोमाग आठ सिलिंडरांची गर्जना येते. टर्बोचार्जरला दम घ्यायला लागणारा क्षण विजेने भरून काढलेला असतो. दोन शक्तींमधला सांधा प्रवेग घेताना जाणवत नाही. तो जाणवतो ब्रेक दाबताना. पाय हलका ठेवला की मोटरच जनित्र होऊन गाडीचा वेग विजेत परत साठवते. जोराने दाबला की चकत्यांची पकड पुढे येते. आणि एकीकडून दुसरीकडे काम जाताना सरावलेल्या पायाला किंचित अडखळल्यासारखे होते. वळणावर वजन लपत नाही. दोन टनांहून अधिक भार वाकण्यास तयार असतो, पण तो विसरू देत नाही. शर्यतीच्या वेगासाठी असलेल्या पर्यायात इंजिन बॅटरी सतत भरत राहते, म्हणजे पेट्रोल जाळून वीज साठवते. आणखी एक पर्याय बॅटरी शहरासाठी राखून ठेवतो. 'सेम्पर विवुस'च्या चालकाला यातले पहिले काम ओळखीचे वाटले असते.

आता या गाडीच्या कागदपत्रांतील एका आकड्याकडे पाहावे लागते. तिला शंभर किलोमीटरला केवळ २.९ लिटर पेट्रोल लागते, असे युरोपीय चाचणीचे प्रमाणपत्र सांगत होते. ६८० अश्वशक्तीच्या यंत्राचा आहार एखाद्या स्कूटरइतका असावा, हे वाचून साध्या माणसालाही हसू यावे. पण आकडा खोटा नव्हता. गृहीत खोटे होते. त्या वेळच्या नियमानुसार गाडी भरलेल्या बॅटरीने निघते, बॅटरी संपेपर्यंत विजेवर जाते, आणि मग पुन्हा भरण्यापूर्वी सरासरी फक्त पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर चालते, असे धरले जाई. पन्नास किलोमीटर विजेचे आणि पंचवीस पेट्रोलचे, अशी भागणी केली की कोणत्याही राक्षसाचा आहार एक तृतीयांश होतो. त्या आकड्यावर अनेक देशांत कर ठरत, आणि कंपन्यांनी अधिकाऱ्यांना द्यावयाच्या गाड्यांची निवडही ठरे.

प्रत्यक्षात काय घडत होते, ते पुढे मोजले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात खाजगी मालकांच्या प्लग-इन गाड्या निम्म्याहून काहीशा कमी अंतरापर्यंत विजेवर धावत असल्याचे दिसले. कंपनीने दिलेल्या गाड्यांत हे प्रमाण अवघे ११ ते १५ टक्के होते. कारण उघड आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरते, घरच्या विजेचे बिल ज्याचे त्याला भरावे लागते. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांतील नोंदयंत्रांच्या आधारे अहवाल दिला: साध्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या चाचणीपेक्षा सुमारे वीस टक्के अधिक कार्बन वायू सोडतात, तर प्लग-इन हायब्रीड गाड्या चाचणीच्या साडेतीनपट. २०२५ पासून युरोपने हे गणित अधिक कडक केले, तेव्हा बॅटऱ्याही मोठ्या होऊ लागल्या होत्या. पानामेराच्या २०१७ च्या बॅटरीत १४.१ किलोवॅट-तास वीज मावत होती, २०२४ च्या बॅटरीत २५.९.

ब्रिटनमध्ये २०१८ साली कंपन्यांच्या ताफ्यांचे इंधनहिशेब तपासणाऱ्यांना जे आढळले, ते या सगळ्यात बोलके होते. परत आलेल्या काही प्लग-इन गाड्यांच्या डिकीत भारणाची केबल होती, आणि ती कारखान्यातून आलेल्या वेष्टनातून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती.