वाऱ्याचा बोगदा आणि गच्चीवरचं विमान



सांगलीचं वालचंद कॉलेज आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? ज्यांचं नाव त्याला आहे, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. म्हैसूर संस्थानानं त्यात पैसा घातला. पुढं महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, सरकारनं कारखान्याचा ताबा घेतला.

पण परदेशातून आलेले सुटे भाग जोडणं वेगळं, आणि पंख केवढा असावा, कसा वळवावा हे आपण ठरवणं वेगळं. ते ठरवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले.

या विद्येत वाऱ्याचा बोगदा लागतो. खळ्यावर उफणताना वारा पडला की आपण सूप धरून नुसत्या उभ्या राहतो, हो ना? इथं वाऱ्याची वाट बघत नाहीत. विमानाची लहान प्रतिकृती जागेवर घट्ट धरतात, मोठ्या पंख्यानं तिच्यावर वारा सोडतात आणि पंखावर किती जोर येतो ते मोजतात. बोगद्याला पैसा अफाट लागतो आणि त्यातून बाजारात विकण्यासारखं काहीच निघत नाही. व्यापारी त्यात कशाला पडेल? तिथं सरकारच हवं.

घाटगे यांनी आखलेलं शिकाऊ विमान, एचटी-२, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा मात्र १९५९ मध्ये निघाली. म्हणजे विमान आधी, प्रयोगशाळा नंतर!

आता आपल्या साताऱ्याचं. पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, तेही घरच्यांच्या पैशानं. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणीसाठी मात्र वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. ती २०१७ मध्ये झाली. लगेच २०१८ मध्ये राज्य सरकारनं पालघरला कारखाना काढण्याचा करार केला. मला हे उलटं वाटतं. विमान अजून जमिनीवरच होतं, आणि कारखान्याच्या सह्या झाल्या! आधी हवी होती चाचणीची सोय आणि थोडा पैसा.

धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडायला २०२० उजाडलं.